ऐंशीपैकी किती?

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू फिजिओथेरपिस्ट आहेस, गुडघ्यांवर बोल. आता सगळ्यांनाच लागणार आहे." ते खरंच आहे. सकाळी जिना चढून वर येताना कठड्याला हात लावणारे किती होते, ते मी मोजलं आहे. आकडा सांगत नाही. पण गुडघ्यांचे व्यायाम तुम्हाला रोज मोबाइलवर येतात, त्यात माझी भर नको. मी आज एका प्रश्नपत्रिकेबद्दल बोलणार आहे. शाळेत आलो आहोत, तर प्रश्नपत्रिका हवीच. ही ८० गुणांची आहे आणि पायाची आहे.

आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील पाळीवर जायचे. कुणाचे टेल्कोत, कुणाचे बजाजमध्ये, कुणाचे एच.ए.मध्ये. माझे वडील लाइनवर उभे राहून काम करायचे. सेकंड शिफ्टहून रात्री घरी आले की पाय गरम पाण्याच्या बादलीत. आई विचारायची, "पाय कसा आहे?" ते म्हणायचे, "बरा आहे." मी शाळेत होते तोवर हेच उत्तर. मी कॉलेजात गेले तरी हेच उत्तर. निवृत्तीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, तेव्हाही तेच. आज माझा दिवस लोकांना "पाय कसा आहे?" हेच विचारण्यात जातो, आणि "बरा आहे" या उत्तराचं करायचं काय, हाच माझा धंद्यातला मोठा प्रश्न आहे.

गुडघा किती वाकतो ते मोजायला आमच्याकडे कोनमापक असतो. आपल्या कंपासपेटीतला असायचा ना, त्याचाच मोठा भाऊ. स्नायूची ताकद मोजता येते. सूज टेपने मोजता येते. पण या माणसाला जिना चढता येतो का, रात्री कूस बदलताना जाग येते का, तासभर उभं राहवतं का, हे त्यालाच विचारावं लागतं. ते दर वेळी एकाच पद्धतीने विचारता यावं म्हणून प्रश्नावल्या तयार झाल्या. पायासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली म्हणजे 'लोअर एक्स्ट्रिमिटी फंक्शनल स्केल'. आम्ही तिला लेफ्स म्हणतो. बिंकली, स्ट्रॅटफर्ड, लॉट आणि रिडल या चौघांनी ती १९९९ मध्ये 'फिजिकल थेरपी' या नियतकालिकात मांडली. तिच्यात २० प्रश्न आहेत. रोजचं काम, आंघोळीची जागा, बूट-मोजे घालणं, उकिडवं बसणं, पिशवी उचलणं, चालणं, जिना, उभं राहणं, पळणं, अशा एकेका कामाबद्दल आज किती त्रास होतो ते विचारलेलं असतं. अजिबात जमत नसेल तर ०, काहीच त्रास नसेल तर ४. वीस चोक ऐंशी. आपल्या परीक्षेसारखंच, जास्त गुण म्हणजे चांगलं.

आता माझी चूक सांगते. ती सांगायची म्हणूनच मी हा विषय घेतला.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चाकणच्या बाजूला प्रेस शॉपमध्ये काम करणारे एक गृहस्थ यायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि लाइट ड्यूटीवर होते. लेफ्स मूळ इंग्रजी, आणि त्यांना मराठीच सोयीचं. म्हणून मी एका रात्रीत बसून वीसही प्रश्नांचं भाषांतर केलं, झेरॉक्स काढल्या आणि वापरायला सुरुवात केली. पहिल्या वेळी त्यांचे ४६ गुण आले. तीन आठवड्यांनी ५२. मला आनंद झाला. मी कागदावर लिहिलं, 'सुधारणा आहे, गुण ४६ वरून ५२.' तो कागद जिथे पोचायचा तिथे पोचला आणि त्यांची लाइट ड्यूटी संपली. दहा दिवसांनी ते पुन्हा आले तेव्हा गुडघा टरारून सुजला होता. मला काही बोलले नाहीत. मी "पाय कसा आहे?" विचारलं, तर म्हणाले, "बरा आहे, मॅडम."

त्या रात्री मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. पहिला त्यांनी स्वतः वाचून भरला होता, नाइट शिफ्ट संपवून थेट आले होते तेव्हा. दुसरा गर्दीच्या दिवशी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने प्रश्न वाचून दाखवत भरून घेतला होता, तिच्या स्वतःच्या शब्दांत. आणि तो दिवस होता शुक्रवार सकाळचा. आपल्या भागातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे एकदा रात्रभर उभा राहिलेला पाय, एकदा दिवसभर आराम केलेला पाय. एकदा वाचलेला प्रश्न, एकदा ऐकलेला प्रश्न. आणि प्रश्न तरी काय, माझं एका रात्रीचं भाषांतर. त्या सहा गुणांत पायाची सुधारणा किती आणि बाकीची गडबड किती, ते मला सांगता येत नव्हतं. तरीही मी 'सुधारणा आहे' असं सही करून लिहिलं होतं.

मग मी ठरवलं की हे भाषांतर नीट करायचं. भाषांतराची रीत ठरलेली आहे. बीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये 'स्पाइन' या नियतकालिकात ती पायरी-पायरीने लिहिली आहे. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, त्यातल्या एकाला विषय माहीत असावा, दुसऱ्याला नसावा. मग दोन्हींचं एक करायचं. मग ज्यांनी मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही अशा दोघांनी ते मराठीवरून पुन्हा इंग्रजीत न्यायचं. मग सगळ्यांनी एकत्र बसून शब्द न् शब्द पारखायचा. शेवटी ३० ते ४० रुग्णांकडून भरून घ्यायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, "हा प्रश्न वाचून तुम्हाला काय कळलं?" भाषा किती सोपी हवी, तर साधारण बारा वर्षांच्या मुलाला कळेल एवढी.

बारा वर्षं म्हणजे सहावी-सातवी. मला आपल्या मराठीच्या बाई आठवल्या. मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. बाई इथे समोर बसल्या आहेत, त्यांना आठवत असेल. माझ्या भाषांतराचं शीर्षक होतं, 'निम्न अवयव कार्यक्षमता मापनश्रेणी'. बाईंनी चष्मा लावला, वाचलं आणि विचारलं, "हे कुणासाठी आहे?" मी म्हटलं, "कामगारांसाठी, घरातल्या बायकांसाठी." त्यांनी ती ओळ पेन्सिलीने खोडली. वर लिहिलं, 'तुमचा पाय आज कसा आहे?' आणि म्हणाल्या, "व्याकरण चुकलेलं नाही. पण असं कोणी बोलत नाही."

पुढचा धडा मला आमच्या क्लिनिकमधल्या मावशींनी दिला. मूळ प्रश्नावलीत जो 'डिफिकल्टी' शब्द आहे, त्याला मी सगळीकडे 'अडचण' लिहिलं होतं. 'आज तुम्हाला अडचण आहे का?' साठीच्या एक आजी हे वाचून लाजल्या आणि मावशींकडे पाहून हसल्या. मावशी मला आत घेऊन गेल्या. "ताई, 'अडचण' काय लिहिता? बायका काय समजतील?" इथे बसलेल्या मैत्रिणींना कळलं. मुलग्यांना घरी गेल्यावर विचारू द्या. 'अडचण' जाऊन 'त्रास' आला. पण त्यातही मेख होती. लाइनवर काम करणारा माणूस म्हणायचा, "त्रास होतो, पण उभं तर राहावंच लागतं की. मग लिहा, काही नाही." आपल्याकडे सोसलेला त्रास लोक मोजतच नाहीत. म्हणून पहिल्या पानावर एक ओळ घालावी लागली, की काम करता की नाही हे विचारलेलं नाही, करताना किती त्रास होतो ते विचारलं आहे.

एकेक प्रश्न मग असाच उलगडत गेला. मूळ प्रश्नावलीत 'दोन ब्लॉक चालणं' आहे. अमेरिकेत दोन रस्त्यांमधल्या इमारतींच्या चौकोनाला ब्लॉक म्हणतात. मी ब्लॉकला ब्लॉकच ठेवलं होतं. उलट भाषांतर करणाऱ्यांनी ते परत 'टू ब्लॉक्स' असं अगदी बरोबर लिहिलं. मला वाटलं, हा प्रश्न पास. पण जसाच्या तसा उचललेला शब्द उलट भाषांतरात कधी नापास होतच नाही! तो जसा गेला तसाच परत येतो. मधे वाचणाऱ्याला काय कळलं, ते त्यात दिसत नाही. ते रुग्णांनी दाखवलं. एक बाई म्हणाल्या, "ब्लॉक म्हणजे फ्लॅट ना? दोन ब्लॉकमध्ये चालायला काय लागतं!" एक काका म्हणाले, "कुठून कुठवर? भोसरीत जे ब्लॉकपासून टी ब्लॉकपर्यंत म्हणता का? की चिंचवडला डी-टू ब्लॉक?" एकीला दहा पावलं वाटली, दुसऱ्याला एमआयडीसीचा फेरा. एकच प्रश्न, दोन वेगळ्या परीक्षा. त्या जागी आम्ही मीटरमधलं अंतर लिहिलं, आणि मैलाच्या जागी दीड किलोमीटर.

'बाथमध्ये जाणं-येणं' म्हणजे तिकडे टबाच्या कडेवरून पाय टाकणं. आपल्याकडे टब नाही, पण ओला उंबरा आहे आणि खाली बसून आंघोळ आहे. 'बेडवर वळणं' याला 'अंथरुणात कूस बदलणं' असा सुंदर शब्द आपल्याकडे तयारच होता. 'गाडीत बसणं-उतरणं' यावर मात्र वाद झाला. कुणी रिक्षा समजलं, कुणी कंपनीची बस. बसची पायरी केवढी उंच असते ते तुम्हाला माहीत आहे. आणि 'हॉपिंग'? त्याला तर शोधावंच लागलं नाही. लंगडी! त्याच्या आधीचा प्रश्न वेगात पळताना झटकन वळण्याचा, म्हणजे आपला खो-खो. पीटीच्या सरांनी ज्या दोन गोष्टी आपल्याकडून वर्षानुवर्षं करून घेतल्या, त्या परदेशातल्या प्रश्नावलीत माझी वाट पाहत होत्या.

पण तिथेही गंमत झाली. नऊवारीतल्या आजीबाईंनी वाचलं, "लंगडी घालताना त्रास होतो का?" आणि म्हणाल्या, "या वयात मला लंगडी घालायला लावता का गं?" उत्तर कोरं. कोऱ्या उत्तराला कुणी चुकून शून्य धरलं, तर पाय धडधाकट असलेल्या माणसाचेही चार गुण जातात. मूळ प्रश्नावलीत यासाठी सोय आहे. 'त्रास होतो का, किंवा केलंत तर होईल का', असं विचारलं आहे. माझ्या पहिल्या भाषांतरात ते 'केलंत तर' गळलं होतं. दोनच शब्द, पण आजींचे चार गुण त्यांच्यावर होते.

मांडी घालून बसण्याचा प्रश्न त्या वीसांत नाही. मला तो घालायची फार इच्छा झाली. आपल्याकडे गुडघ्याचा खरा निकाल पंगतीत लागतो. पण प्रश्न वाढवला की ती लेफ्स राहत नाही, आपली नवीन प्रश्नावली होते. मग तिची सगळी तपासणी मुळापासून करायची. तो मोह मी आवरला. मांडीचं मी आजही वेगळं विचारते आणि वेगळं लिहिते, ऐंशीत मिळवत नाही.

एवढं झाल्यावर मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. भाषांतर चांगलं वाटणं वेगळं आणि ते विश्वासाचं आहे हे तपासणं वेगळं.

विश्वासार्हता म्हणजे काय, ते आपल्याच भाषेत सांगते. समजा, सरांनी आपली उत्तरपत्रिका सोमवारी तपासून ५५ दिले. नाव झाकून तीच उत्तरपत्रिका बुधवारी पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली आणि ६५ मिळाले. उत्तरपत्रिका तीच. मग दहा गुण कुठून आले? तपासणीतून. पायाच्या प्रश्नावलीचंही तसंच. पाय बदललेला नसताना दोनदा भरून घ्यायची आणि गुण किती हलतात ते पाहायचं. याला टेस्ट-रिटेस्ट म्हणतात. मधे किती दिवस सोडायचे, यात सगळी कला आहे. फार कमी ठेवले तर माणूस कालची उत्तरं आठवून लिहितो. फार जास्त ठेवले तर पायच सुधारतो किंवा बिघडतो. मूळ अभ्यासात १०७ रुग्ण होते आणि दुसरी फेरी २४ ते ४८ तासांनी घेतली होती. आपल्या भागात मी त्यात आणखी एक अट घालते. दोन्ही वेळा शिफ्ट तीच हवी. एकदा नाइटनंतर आणि एकदा गुरुवारच्या सुट्टीनंतर घेतलं, तर आपण प्रश्नावली तपासत नाही, सुट्टी तपासतो. वाचून भरायचं तर दोन्ही वेळा वाचून. विचारून भरायचं तर दोन्ही वेळा विचारून, त्याच शब्दांत.

मग गणित. गणिताच्या बाई, घाबरू नका, सोपं आहे. समजा, तिघांना पहिल्यांदा ४०, ५०, ६० मिळाले आणि दुसऱ्यांदा ४५, ५५, ६५. क्रम तोच, अंतर तेच. साधा सहसंबंध काढला तर पैकीच्या पैकी येतो. पण प्रत्येकाचे पाच गुण वाढले आहेत, पाय मात्र तिथेच आहे! म्हणून साध्या सहसंबंधावर न थांबता इंट्राक्लास कोरिलेशन काढतात, आणि तेही गुण जुळतात का हे पाहणाऱ्या प्रकारचं. ही पाच गुणांची सरसकट चढ त्यात पकडली जाते. मूळ इंग्रजी लेफ्सची टेस्ट-रिटेस्ट विश्वासार्हता ०.९४ आली होती. १ म्हणजे पूर्ण जुळणी. २००७ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी अशा प्रश्नावल्यांसाठी जे निकष मांडले, त्यात किमान ५० रुग्ण आणि ०.७० चा गुणांक मागितला आहे. पण ०.७० गटांची तुलना करायला पुरतो. एका माणसाबद्दल निर्णय घ्यायचा असेल, तर ०.९० किंवा वर हवा असं जाणकार सांगतात.

यातही एक फसगत आहे. एका टोकाला कुबड्यांवरचे रुग्ण आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ बरे झालेले असे एकत्र घेतले, तर हा गुणांक आपोआप वर जातो, कारण माणसांमाणसांतला फरकच एवढा मोठा असतो की मोजण्यातली चूक त्यात लपते. म्हणून नुसता गुणांक पुरत नाही. गुण किती हलतात ते गुणांतच सांगावं लागतं. मूळ लेफ्ससाठी तो आकडा ९ आहे. एका माणसाचे गुण ९ ने तरी बदलल्याशिवाय, खरा बदल झाला असं खात्रीने म्हणू नये.

हा ९ चा आकडा मी परीक्षेसाठी पाठ केला होता. आणि ६ गुणांवर सही केली होती.

आणखी एक गोष्ट. तो ९ इंग्रजी प्रश्नावलीचा आहे, तिकडच्या रुग्णांवरून काढलेला. मराठी प्रश्नावलीने तो उसना घ्यायचा नाही, स्वतःचा काढायचा. भाषांतर केलं म्हणून मूळ प्रश्नावलीची पत आपोआप आपल्या कागदाला मिळत नाही. म्हणूनच भाषेभाषेतून ही तपासणी पुन्हा पुन्हा होते. कंबरदुखीची ऑस्वेस्ट्री प्रश्नावली १९८० पासून जगात वापरली जाते. तिचं मराठी रूप तपासल्याचा अभ्यास २०१३ मध्ये 'स्पाइन'मध्ये छापून आला. मधली तेहतीस वर्षं आपल्या लोकांची कंबर दुखत नव्हती, असं नाही.

माझ्याबद्दल गैरसमज नको. आम्ही जे केलं तो आमच्या क्लिनिकपुरता प्रयत्न होता. उलट भाषांतर करणारे ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे असे हवेत. चिंचवडमध्ये मी ते कुठून आणू? आपल्या इंग्रजीच्या सरांनी ते काम केलं आणि फीऐवजी चहा घेतला. पन्नास जणांची दुसरी फेरी एकाच शिफ्टनंतर घेणं एकट्या क्लिनिकला झेपत नाही. त्यासाठी मूळ कर्त्यांची परवानगी, संस्था आणि मार्गदर्शक लागतात. फिजिओथेरपीचे पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी अशी कामं घेतात. बाहेरून ते नीरस वाटतं. दोनदा तोच कागद भरून घेऊन मिळवलं काय, असं घरचे विचारतात. त्यांना मी माझ्या ४६ आणि ५२ ची गोष्ट सांगते.

आणि आता पुन्हा माझ्या वडिलांकडे येते. "पाय कसा आहे?" "बरा आहे." वीस वर्षं तेच उत्तर. टेस्ट-रिटेस्ट काढली असती, तर जुळणी पैकीच्या पैकी! पण त्या उत्तराला पायाशी काही देणंघेणंच नव्हतं. आपल्या शाळेची घंटा रोज पाच मिनिटं उशिरा व्हायची, आठवतं? रोज पाचच मिनिटं, कधी चार नाही, कधी सहा नाही. विश्वासू घंटा, पण वेळ चुकीची. तेव्हा विश्वासार्हता ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही. जे मोजायचं तेच मोजतो का, आणि पाय सुधारला तर गुणही वाढतात का, हे पुढे वेगळं तपासावं लागतं. पण पहिली पायरीच डळमळत असेल, तर पुढच्या चढायला जाऊ नये. गुडघ्यांच्या डॉक्टरीणबाई सांगताहेत, ऐका.

आता तुमच्याकडे मागणं. या सभागृहात चाकणला आणि भोसरीला एचआरमध्ये असलेले आहेत. शॉप फ्लोअरवर सुपरवायझर आहेत. दोघातिघांची स्वतःची वर्कशॉप्स आहेत. तुमच्या टेबलावर कधी कागद येईल, 'पायाचे गुण ५२, कामावर घेण्यास योग्य.' सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. आधीचे किती होते? दोन्ही वेळा कागद कुणी भरला आणि कोणत्या शिफ्टनंतर? आणि वाढ मोजण्याच्या चुकीपेक्षा मोठी आहे का? उत्तर मिळालं नाही, तर त्या माणसाला आणखी दोन आठवडे लाइट ड्यूटीवर ठेवा. लाइन थोडी अडेल, हे मला कळतं. पण लाइनवर पुन्हा जाऊन बिघडलेल्या गुडघ्याची भरपाई कागदाने होत नाही.

आणि तुमच्यापैकी ज्यांना उद्या कुणी असा कागद भरायला देईल, त्यांनी आजचं लिहा. मागच्या आठवड्याचं नको, परीक्षेत पास व्हायचं म्हणूनही नको. समजलं नाही तर विचारा. विचारणाऱ्याला हात वर करायला याच शाळेने शिकवलं.

ते प्रेस शॉपचे गृहस्थ नंतर चार महिने माझ्याकडे येत राहिले. शेवटच्या वेळी त्यांनी नवीन कागद शांतपणे, चष्मा लावून, स्वतः भरला. पहिल्या कागदासारखाच नाइट शिफ्टनंतर, मी मुद्दाम तसंच बोलावलं होतं. ६३ आले. बेरीज मी तीनदा केली. मग मी त्यांना विचारलं, "पाय कसा आहे?" ते म्हणाले, "उतरताना जरा धरतो, मॅडम. चढताना काही नाही."

माझ्या वडिलांनी असं एकदा तरी सांगितलं असतं, तर बरं झालं असतं.

जेवणानंतर मैदानावर खो-खो ठेवला आहे असं कळलं. खेळा, पण आधी दहा मिनिटं पाय मोकळे करा. लंगडीचा प्रश्न मी तिथेच विचारणार आहे.